प्रोग्रॅम शिकविण्याची विद्या: समज आणि पुरावा

एखाद्या नव्या औषधाची बाटली घरांत आली, म्हणजे सुशिक्षित गृहस्थ सहज विचारतो: हें औषध कोणाकोणास देऊन पाहिलें आहे? त्यानें किती जणांना गुण आला? कोणास अपाय तर झाला नाहीं ना? असा प्रश्न विचारणें आज कोणासहि उद्धटपणाचें वाटत नाहीं. परंतु त्याच गृहस्थाची मुलगी किंवा मुलगा महाविद्यालयांत संगणकाचे प्रोग्रॅम लिहावयास शिकूं लागला, म्हणजे तेथील शिकविण्याची पद्धति कोणत्या आधारावर ठरली, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. शिक्षक जसे स्वतः शिकले तसेच ते पुढें शिकवितात. नवीं पाठ्यपुस्तकें जुन्या पाठ्यपुस्तकांच्या वळणावर लिहिलीं जातात. आणि ज्यास विषय साधत नाहीं, त्याच्या कपाळीं 'याला तसलें डोकेंच नाहीं' असा शिक्का बसतो. हा शिक्का खरा कीं खोटा, हें तपासून पाहण्याचें साधन आज उपलब्ध आहे.

प्रथम विषयाची व्याप्ति ध्यानांत घ्यावयास हवी. बँकेंतील हिशेब, रेल्वेचें तिकीट, इस्पितळांतील यंत्रें, विजेचें बिल, या सर्वांच्या मागें आज सॉफ्टवेअर उभें असतें. एका माणसानें चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिणें हें एक काम. आणि पुष्कळांनीं मिळून वर्षानुवर्षें चालणारा, वारंवार दुरुस्त करावा लागणारा प्रोग्रॅम उभा करणें हें अगदीं निराळें काम. ओढ्यावर फळी टाकणें आणि नदीवर पूल बांधणें यांत जेवढें अंतर, तेवढेंच या दोहोंत आहे. १९६८ सालच्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश गांवीं नाटो संघटनेच्या विज्ञान-समितीनें एक परिषद भरविली आणि तिला 'सॉफ्टवेअर-अभियांत्रिकी' असें नांव दिलें. हें नांव मुद्दाम डिवचण्यासाठींच निवडलें होतें. पूल बांधणारा अभियंता गणित करून बांधतो, मग प्रोग्रॅम लिहिणारानेंच केवळ अंदाजावर कां चालावें, असा त्यांतील मथितार्थ. पुढें विद्यापीठांतून या विषयाचे वर्ग निघाले, पदव्या निघाल्या. परंतु जो विषय अंदाज सोडण्याची प्रतिज्ञा करून जन्मास आला, तो शिकविला मात्र पुष्कळसा अंदाजानेंच गेला, ही त्यांतील विसंगति होय.

अंदाज एकदां आंकड्याचा पोषाख घालून आला, म्हणजे तो किती काळ मिरवितो, याचें उदाहरण त्याच १९६८ सालचें आहे. सॅकमन, एरिक्सन व ग्रँट या तिघा अमेरिकन संशोधकांनीं बारा अनुभवी प्रोग्रॅमरांवर एक प्रयोग केला. यंत्रासमोर प्रत्यक्ष बसून काम करणें बरें, कीं कागदावर लिहून यंत्राकडे पाठविणें बरें, हा मूळ प्रश्न. पण निकाल पाहतांना त्यांस एक भलतीच गोष्ट दिसली: एका कामांतील चुका काढण्यास सर्वांत मंद माणसाला १७० तास लागले, तर सर्वांत जलद माणसाला अवघे ६. म्हणजे २८ पट अंतर! मूळ प्रश्न लोक विसरले. हा आंकडा मात्र पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि नोकरी देणारांच्या बोलण्यांतून पसरला. चांगला प्रोग्रॅमर जन्मावाच लागतो, शिकवून काय होणार, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला.

१९९९ सालीं लुट्झ प्रेकेल्ट या जर्मन संशोधकानें मूळ आंकडे पुन्हां तपासून पाहिले. तेव्हां असें दिसून आलें कीं, ज्यांची तुलना केली ते एका परिस्थितींत काम करीतच नव्हते. कोणी यंत्रासमोर बसून काम केलें होतें, कोणी कागदावरून. कोणी सोयीची उच्च पातळीची भाषा वापरली होती, तर कोणी यंत्राच्या अगदीं जवळची, कष्टाची भाषा. शिवाय सर्वांत मंद एक आणि सर्वांत जलद एक अशा दोनच व्यक्तींवरून समूहाविषयीं बोलणें हेंहि न्यायाचें नव्हे. माणसामाणसांत फरक असतो, यांत संशय नाहीं. पण तो २८ पटींचा नव्हे, त्याहून पुष्कळच कमी असतो. बारा माणसांच्या एका आंकड्यानें तीस वर्षें राज्य केलें, आणि त्याचे मूळ कागद फारच थोड्यांनीं उघडून पाहिले.

यास्तव पुरावा म्हणजे केवळ आंकडा नव्हे. आंकडा कसा मिळाला याची चौकशी म्हणजे पुरावा. वैद्यकानें हा धडा फार पूर्वी गिरविला. १७४७ सालीं जेम्स लिंड नांवाच्या आरमारी वैद्यानें 'सॅलिसबरी' जहाजावरील स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला. संत्रीं व लिंबें ज्यांस मिळालीं ते झपाट्यानें सुधारले. येथेंहि रोगी बाराच होते. परंतु ते एकाच जहाजावर, एकाच आहारावर, एकाच रोगानें पिडलेले असे निवडले होते, आणि फरक होता तो फक्त उपचाराचा. प्रयोगाची किंमत संख्येपेक्षां अशा दक्षतेनें ठरते.

वैद्यकांतील हीच दृष्टि सॉफ्टवेअरच्या क्षेत्रांत आणावी, असें २००४ सालीं ब्रिटनच्या बार्बरा किचनहॅम आणि नॉर्वेचे टोरे ड्यूबा व माग्ने यॉर्गेन्सेन यांनीं एडिंबरो येथील परिषदेंत सुचविलें. त्यांनीं सांगितलेल्या पायऱ्या पांच आहेत. आपली अडचण उत्तर देतां येईल अशा नेमक्या प्रश्नांत मांडावी. त्या प्रश्नावर झालेलें संशोधन शोधावें. तें कितपत विश्वसनीय आहे हें पारखावें. त्याची आपल्या अनुभवाशीं व गरजेशीं सांगड घालावी. आणि शेवटीं, जें केलें त्याचा परिणाम काय झाला हें पाहावें. नॉर्वेंत या पायऱ्या विद्यार्थ्यांनाच शिकविण्याचा उपक्रमहि झाला. उद्यांच्या अभियंत्यानें प्रत्येक नव्या साधनाची जाहिरात वाचून भुलूं नये, हा त्यांतील हेतु. चौथी पायरी विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: पुरावा हा अनुभवाचा शत्रु नव्हे, तर त्याचा जोडीदार आहे.

आतां वर्गांतील सर्वांत कठोर समजुतीकडे वळूं. संगणकाचे शिक्षक पुष्कळ वेळां सांगतात कीं, आमच्या वर्गाच्या गुणांचा आलेख काढला तर त्यास दोन उंचवटे येतात. एक येणारांचा आणि एक न येणारांचा, आणि मध्यें खोलगट. २००६ सालीं इंग्लंडांतील मिडलसेक्स विद्यापीठाच्या सईद देहनादी व रिचर्ड बॉर्नाट यांनीं या समजुतीस मोठेंच बळ दिलें. त्यांचा लेख रीतसर प्रसिद्ध होण्याआधींच हातोहात फिरला, आणि त्याच्या नांवांत दोन वशिंडांच्या उंटाची उपमा होती. विद्यार्थी कांहींएक शिकण्यापूर्वीच ते त्यांस एक कोडें घालीत. समजा, एका डब्यांत १० आहेत आणि दुसऱ्यांत २०; आतां 'पहिला = दुसरा' अशी आज्ञा दिली, तर दोन्ही डब्यांत काय राहील? ज्यास ठाऊक नाहीं त्यानें याचें उत्तर वाटेल तें द्यावें. परंतु असल्या सर्व प्रश्नांना जो एकच नियम लावून उत्तरें देतो, मग तो नियम चुकीचा कां असेना, तोच पुढें उत्तीर्ण होतो आणि इतर बहुतेक नापास होतात, असा त्यांचा दावा होता. याचा अर्थ कित्येकांनीं असा घेतला कीं, अर्ध्या वर्गास शिकविणें व्यर्थ आहे. पहिल्याच दिवशीं चाळण लावावी आणि मोकळें व्हावें.

पुढें अधिक विद्यार्थ्यांवर हीच परीक्षा घेण्यांत आली, तेव्हां कोड्यांतील सुसंगति आणि पुढील यश यांचा कांहीं संबंध दिसला. पण कोण नापास होणार हें त्यावरून आधींच सांगतां येईल, हा दावा टिकला नाहीं. २०१४ सालीं बॉर्नाट यांनीं तो जाहीरपणें मागें घेतला. विद्वानानें आपलें म्हणणें चारचौघांत परत घेणें ही सोपी गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल त्यांस श्रेय दिलें पाहिजे. मात्र निघालेला बाण परत येत नाहीं. मूळ लेख जेवढा वाचला गेला, तेवढी माघार वाचली गेली नाहीं.

उंटाच्या त्या दोन वशिंडांचें काय, हा प्रश्न उरलाच होता. तो एलिझाबेथ पॅटिट्सस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं सोडविला. एका मोठ्या विद्यापीठांतील संगणक-वर्गांच्या अंतिम गुणांचे ७७८ आलेख त्यांनीं संख्याशास्त्राच्या कसोटीस लाविले. त्यांपैकीं अवघे शेंकडा ५·८ आलेख एकाहून अधिक उंचवट्यांचे ठरले. बाकीचे इतर कोणत्याहि विषयाच्या गुणांसारखेच होते. मग शिक्षकांस दोन उंचवटे दिसतात तरी कां? यासाठीं त्याच संशोधकांनीं ५३ प्राध्यापकांपुढें संदिग्ध आकाराचे आलेख ठेवले. त्यांतील निम्म्यांना आधीं आठवण करून दिली कीं, संगणकाचे गुण दोन उंचवट्यांचे असतात असें सामान्यतः मानलें जातें. त्या निम्म्यांना इतरांहून अधिक ठिकाणीं दोन उंचवटे दिसले! तसेंच, कांहीं विद्यार्थ्यांस ही विद्या उपजतच साधते असें जे मानीत होते, त्यांनाहि ते अधिक दिसले. सारांश, उंट आलेखांत नव्हता. पाहणाराच्या मनांत होता.

ही केवळ विद्वानांची करमणूक नव्हे. 'याला येणार नाहीं' असें ज्या शिक्षकानें मनांत धरलें, तो त्या विद्यार्थ्याच्या चुकीकडे दोष म्हणून पाहतो. 'याला अजून आलें नाहीं' असें जो म्हणतो, तो त्याच चुकीकडे खूण म्हणून पाहतो. पहिला हात झटकतो, दुसरा आपली पद्धति तपासतो. ज्या घरांत फीचे पैसे काटकसरीनें जमविलेले असतात, ज्या घरांतील मुलगी या वर्गांत पाऊल टाकणारी पहिलीच असते, त्या घराला या दोन दृष्टींतील अंतर किती महाग पडतें, हें निराळें सांगावयास नको.

बरें, शिक्का खोटा ठरला तरी अडचण खोटी ठरत नाहीं. २००१ सालीं मायकेल मॅक्रॅकन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांस, पहिला अभ्यासक्रम संपल्यावर, एक प्रोग्रॅम लिहावयास दिला. ११० गुणांपैकीं सरासरी गुण पडले अवघे २२·८९. शिक्षकांच्या अपेक्षेला हा जबरदस्त धक्का होता. प्रथम वाटलें कीं, मुलांस प्रश्न सोडविण्याची युक्ति साधत नाहीं. परंतु २००४ सालीं रेमंड लिस्टर यांच्या पुढाकारानें सात देशांतील विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हां निराळेंच कारण पुढें आलें. कित्येकांना दुसऱ्यानें लिहिलेला लहानसा प्रोग्रॅम ओळीमागून ओळ वाचून, त्याचें उत्तर काय येईल हेंहि खात्रीनें सांगतां येत नव्हतें. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला निबंध लिहावयास सांगावा, तसाच हा प्रकार होता.

रोगाचें निदान असें नेमकें झालें, म्हणजे उपायहि नेमके सुचतात. पहिला उपाय म्हणजे सोडवून दाखविलेलीं उदाहरणें. ऑस्ट्रेलियांतील जॉन स्वेलर व ग्रॅहम कूपर यांनीं १९८५ सालीं बीजगणिताच्या बाबतींत दाखविलें कीं, नवशिक्याला नुसते प्रश्न सोडवीत बसविण्यापेक्षां मधूनमधून पूर्ण सोडविलेलीं उदाहरणें अभ्यासावयास दिलीं, तर तो कमी वेळांत शिकतो. अनोळखी गांवांत रस्ता शोधणाऱ्याचें सारें लक्ष न चुकण्याकडेच लागलेलें असतें. गांवाची रचना त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. नवशिक्याच्या मनाचेंहि तसेंच होतें.

दुसरा उपाय न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनीं २००६ सालीं काढला. बरोबर लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी सुट्या करून, त्यांचा क्रम मोडून विद्यार्थ्यापुढें ठेवावयाच्या आणि त्यानें त्या योग्य क्रमानें लावावयाच्या. कांदेपोह्यांच्या कृतींतील वाक्यें उलटसुलट करून दिलीं, तर फोडणीआधीं पोहे पडणार नाहींत एवढें भान ठेवूनच तीं लावावीं लागतात. तसाच हा खेळ. २०१७ सालीं बार्बरा एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या तुलनेंत, असा क्रम लावणारे विद्यार्थी स्वतः प्रोग्रॅम लिहिणारांइतकेंच शिकले. वेळ मात्र त्यांस कमी लागला.

तिसरा प्रश्न सोबतीचा. दोघांनीं एकाच यंत्रासमोर बसून, एकानें लिहावें आणि दुसऱ्यानें पाहावें, टोकावें, पुढील विचार करावा, आणि थोड्या वेळानें भूमिका बदलाव्या, अशी एक कार्यपद्धति आहे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या लॉरी विल्यम्स यांच्या यूटा विद्यापीठांतील प्रयोगांत ४१ विद्यार्थी होते. त्यांतील जोड्यांचे प्रोग्रॅम अधिक निर्दोष निघाले, आणि दोघांचा मिळून वेळ एकट्याच्या वेळेपेक्षां सुमारें शेंकडा १५ एवढाच अधिक लागला. कॅलिफोर्नियांतील सांता क्रूझच्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या वर्गांत हीच पद्धति वापरली, तेव्हां अभ्यासक्रम अर्धवट सोडून जाणारांची संख्या घटली आणि विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढला.

यावरून जोडी सर्वत्र लाभदायकच, असें म्हणण्याचा मोह होतो. आणि येथेंच पुराव्याची खरी शिस्त दिसते. २००७ सालीं एरिक आरिसहोल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नॉर्वे, स्वीडन व ब्रिटन येथील २९५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांवर प्रयोग केला. तेथें जोडीनें काम करतांना एकूण श्रम शेंकडा ८४ वाढले. काम सोपें असतां वेळ कांहींसा वांचला, पण अचूकपणा वाढला नाहीं. काम गुंतागुंतीचें असतां अचूकपणा पुष्कळ वाढला, पण वेळ वांचला नाहीं. आणि सर्वांत अधिक लाभ झाला तो नवख्यांना. पुढें २००९ सालीं अशा १८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला. त्यांतहि गुणवत्तेवर थोडा चांगला परिणाम दिसला आणि श्रमांत वाढ दिसली. शिवाय अनुकूल निकाल तेवढेच छापले जात असावेत, अशा खुणाहि आढळल्या. तात्पर्य, 'जोडी चांगली कीं वाईट?' हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणासाठीं, कोणत्या कामांत आणि कशाच्या मोबदल्यांत, असें विचारलें पाहिजे. कचेरींत श्रम दुप्पट होणें हा खर्च आहे. वर्गांत मात्र दोघांनीं श्रम करणें हाच उद्देश असतो. म्हणून एकच पुरावा कारखानदाराला सावध करील आणि शिक्षकाला उत्तेजन देईल.

सोबतीचा हा लाभ मोठ्या वर्गांतहि मिळवितां येतो. हार्वर्ड येथील भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझूर यांनीं रूढ केलेल्या पद्धतींत शिक्षक एक प्रश्न टाकतो. प्रत्येकजण आधीं एकट्यानें उत्तर देतो, मग शेजाऱ्याशीं वाद घालून पुन्हां उत्तर देतो. सॅन डिएगो येथील विद्यापीठांत संगणकाच्या चार अभ्यासक्रमांत ही रीत वापरल्यावर नापासांचें प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं आलें, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं मुंबईंतील पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं शेंकडों विद्यार्थ्यांच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गांतील आपली पाहणी प्रसिद्ध केली. तेथें 'आधीं विचार करा, मग जोडीनें बोला, मग सर्वांपुढें मांडा' असा क्रम ठेवला असतां, सरासरी शेंकडा ८३ विद्यार्थी कामांत खरोखर गुंतलेले आढळले. पाठीमागच्या बाकांवर काय चालतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या आंकड्याचें मोल कळेल.

या शास्त्राच्या मर्यादाहि स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. १९९३ ते २००२ या काळांतील ५,४५३ लेखांची छाननी नॉर्वेच्या डाग शोबर्ग व सहकाऱ्यांनीं केली, तेव्हां नियंत्रित प्रयोगांचे लेख निघाले अवघे १०३. आणि त्या प्रयोगांतील शेंकडा ८७ माणसें विद्यार्थी होतीं. कचेरींतील अनुभवी माणसांविषयीं त्यावरून बोलणें धाडसाचें ठरेल. गंमत अशी कीं, शिक्षकाच्या दृष्टीनें हाच दोष सोयीचा आहे. कारण त्याच्यासमोर विद्यार्थीच बसलेले असतात. दुसरी मर्यादा अशी कीं, पद्धति यशस्वी झाली तरी ती कोणत्या अंगानें झाली, हें पहिल्या दृष्टिक्षेपांत कळत नाहीं. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वींच त्याची चांचणी लिहून ठेवावी, असा एक संप्रदाय आहे. २०१७ सालीं डेव्हिडे फुची व सहकाऱ्यांनीं त्याची चिरफाड करून पाहिली, तेव्हां आधीं चांचणी कीं मागाहून, या क्रमाला फारसें महत्त्व दिसलें नाहीं. लहान लहान, सारख्या पावलांनीं पुढें जाणें हेंच फायद्याचें आढळलें. मंत्रापेक्षां पथ्याचा गुण अधिक, असाच याचा अर्थ.

मग शिक्षकानें प्रत्येक तासापूर्वी संशोधनाचे गठ्ठे चाळावेत काय? तसें कोणी म्हणत नाहीं. दर सत्रास आपल्या शिकविण्यांतील एकच गोष्ट घ्यावी. तिच्याविषयीं काय ठाऊक आहे तें पाहावें. वर्गांत करून पाहावी. आणि विद्यार्थ्यांस ती आवडली कीं नाहीं एवढ्यावर न थांबतां, तीं खरोखर अधिक शिकलीं काय, हें तपासावें. पालकांनींहि महाविद्यालयाची इमारत आणि यंत्रांची संख्या विचारतांना आणखी दोन प्रश्न विचारण्यास हरकत नाहीं: पहिल्या वर्षाच्या वर्गांत किती मुलें मागें पडतात, आणि तीं मागें पडूं नयेत म्हणून काय बदल करून पाहिला? पहिल्या प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमांत नापास होणारांचें प्रमाण २००७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत शेंकडा ३३ होतें. त्याच संशोधकांच्या २०१९ सालच्या पाहणींत तें शेंकडा २८ आढळलें. कित्येकांस वाटत होतें तेवढी ही स्थिति भयंकर नाहीं. पण दर चार मुलांमागें एकाहून अधिक नापास होणें, ही समाधान मानण्याजोगीहि नाहीं.

जेम्स लिंडच्या संत्र्यालिंबांचा गुण १७४७ सालींच दिसला होता. ब्रिटिश आरमारानें सर्व खलाशांस लिंबाचा रस देण्याचें ठरविलें तें १७९५ सालीं. मधल्या ४८ वर्षांत औषध ठाऊक असूनहि असंख्य खलाशी त्याच रोगानें गेले. कारण जुनी समजूत अनुभवी माणसांच्या तोंडची होती, आणि नवा पुरावा एका पुस्तकांत पडून होता. वर्गांत कोणी प्राणास मुकत नाहीं, हें खरें. पण 'हें आपल्याला येणार नाहीं' असें समजून जो मुकाट्यानें बाक सोडून जातो, तो बहुधा परत येत नाहीं. आणि तो गेला ही नोंद नापासांच्या एका आंकड्यापलीकडे कोठेंहि राहत नाहीं.